आवाजावरून होणारी पारख

परदेशात इंग्रजी शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाची पहिली परीक्षा बहुधा दूरध्वनीवर होते. वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या संभाषणात आपल्याला इंग्रजी किती येते एवढेच पाहिले जात नाही, तर येणारे इंग्रजी आपण दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवतो हे पाहिले जाते. ही मुलाखत म्हणजे एक छोटासा तासच आहे, हे ओळखले की तयारीची दिशा आपोआप सापडते.

दुपारचे अडीच वाजलेले असतात. व्हिएतनाममध्ये, हॅनोईत, तेव्हा चार. टेबलावर अर्जाची प्रत, पाण्याचा पेला आणि कागद-पेन्सिल. घरातल्यांना टीव्ही बंद ठेवायला सांगून झालेले. फोन वाजतो. नाव, शिक्षण, अनुभव यांची उत्तरे पाठच असतात. ती सुरळीत पार पडतात. मग पलीकडून प्रश्न येतो : ‘समजा, तुमच्यासमोर दहा वर्षांची पंधरा मुले बसली आहेत. त्यांना तुमची भाषा येत नाही आणि तुम्हाला त्यांची येत नाही. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या दोन क्रियापदांतला फरक त्यांना कसा समजावून द्याल?’

क्षणभर शांतता पसरते. मग उमेदवार शब्दकोशातली व्याख्या सांगू लागतो. परत करण्याच्या बोलीवर एखादी वस्तू तात्पुरती घेणे म्हणजे अमुक, देणे म्हणजे तमुक. व्याख्या बिनचूक असते, इंग्रजीही शुद्ध असते. पण दहा वर्षांच्या ज्या मुलाला ‘बॉरो’ कळत नाही त्याला ‘बोलीवर’ आणि ‘तात्पुरती’ हे शब्द कसे कळणार? मुलाखतीचा निकाल पुष्कळदा अशाच एखाद्या प्रश्नापाशी लागतो, आणि उमेदवाराला मात्र वाटत राहते की, आपला उच्चार आवडला नसावा.

आज अनेक संस्था संगणकावर समोरासमोर बोलणे पसंत करतात. तरीही पहिली चाळणी पुष्कळ ठिकाणी निव्वळ आवाजावर होते. ते स्वस्त पडते, कमी वेळात होते आणि मुलाखतकाराला एक गोष्ट अचूक तपासता येते : चेहरा, हातवारे आणि फळा काढून घेतल्यावर या माणसाचे बोलणे समजते का?

तारेतून काय गळून पडते?

दूरध्वनीवर आपला आवाज जसाच्या तसा पोहोचत नाही. पारंपरिक दूरध्वनीचे जाळे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्यांचा आवाज वाहून नेते. माणसाचे बोलणे कळायला तेवढे पुरते. पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या, हवेच्या घर्षणातून निर्माण होणाऱ्या ध्वनींची ओळख बऱ्याच अंशी त्याहून वरच्या कंपनसंख्यांत असते. म्हणूनच फोनवर ‘एफ’ आणि ‘एस’ ही अक्षरे सारखीच ऐकू येतात आणि आपल्याला ‘एस फॉर शुगर’ असे सांगावे लागते. नव्या मोबाइल जाळ्यांवर आणि इंटरनेटवरील संभाषणात आवाज अधिक भरीव येतो हे खरे. पण दोन देशांमधल्या मार्गात कुठेतरी जुनी जोडणी असली किंवा इंटरनेट मंदावले, की हा लाभ उरत नाही.

दुसरी अडचण विलंबाची. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचायला लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि पुन्हा दोघेही एकदमच सुरुवात करतात. यात कोणाचाच उद्धटपणा नसतो, पण तसा ग्रह होऊ शकतो. त्यावर उपाय सोपा आहे. प्रश्न संपल्यावर मनात ‘एक’ म्हणावे आणि मग बोलावे. उत्तर संपले की ते संपल्याचे आवाजातूनच कळू द्यावे. ‘आणखी सांगायचे म्हणजे...’ असे शेपूट लोंबकळत ठेवू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे आपली मान फोनवर दिसत नाही. समोरच्याचे बोलणे कळत असल्याची खूण म्हणून आपण मान हलवतो. फोनवर त्या जागी नुसती शांतता ऐकू येते, आणि लाइन तुटली की काय अशी शंका पलीकडच्याला येते. अधूनमधून ‘आय सी’, ‘राइट’ असे छोटे शब्द योजावेत. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. न समजलेल्या प्रश्नाचे लांबलचक उत्तर देण्यात मात्र आहे. प्रश्न अर्धवट कळला असेल तर आपल्याला जेवढा कळला तेवढा आपल्या शब्दांत सांगून ‘असेच विचारायचे आहे ना?’ अशी खात्री करून घ्यावी. चांगला शिक्षक वर्गात हेच करतो, आणि मुलाखतकाराच्या ते लक्षात येते.

तर्खडकरांच्या पलीकडे

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचे मराठी करत जाण्याची ही पद्धत. तिने व्याकरणाचा पाया पक्का केला, यात शंका नाही. आजही आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत अवघड शब्द आला की शिक्षक त्याचा मराठी अर्थ सांगून पुढे जातो. परदेशातल्या वर्गात नेमकी हीच सोय नसते. मुले व्हिएतनामी किंवा थाई बोलणार, शिक्षक मराठी. दोघांमध्ये पूल एकच, आणि तोही अजून बांधायचा असलेला : इंग्रजी. म्हणून भाषांतराची कुबडी न घेता अर्थ पोहोचवता येतो का, हे मुलाखतकार पुनःपुन्हा चाचपून पाहतो.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’चाच प्रश्न घेऊ. मराठीत आपण ‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’ म्हणतो. ‘उसने’ तेच राहते, क्रियापद बदलते. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी स्वतंत्र शब्द आहेत, म्हणून आपली मुले ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ असे सर्रास म्हणतात. हा घोळ कुठून येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे उत्तर असे असू शकते : ‘मी पहिल्या बाकावरच्या मुलीकडून पेन्सिल मागून घेईन आणि ‘आय बॉरो’ म्हणेन. तिच्याकडे बोट दाखवून ‘शी लेंड्स’ म्हणेन. मग वर्गाला विचारेन : पेन्सिल कोणाची? आता कोणाकडे आहे? ती मी परत द्यायची आहे का? उत्तरे बरोबर आली की मुलांच्या जोड्या करून त्यांना एकमेकांकडे पेन, रबर, पट्टी मागायला लावीन. मी वर्गात फिरत ऐकेन आणि झालेल्या चुका शेवटी फळ्यावर घेईन.’

हे उत्तर दीड मिनिटात संपते. त्यात अर्थ आधी दाखवला आहे, मग तो कळला की नाही हे तपासले आहे आणि शेवटी मुलांना बोलते केले आहे. इंग्रजी अध्यापनाच्या प्रशिक्षणात ज्या गोष्टींवर भर देतात त्या ह्याच. यातही मधली पायरी सर्वांत महत्त्वाची. ‘समजले का?’ असे विचारले की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. ते उत्तर निरुपयोगी असते. त्याऐवजी अर्थाचे तुकडे पाडून छोटे प्रश्न विचारायचे. ‘ही यूज्ड टू प्ले क्रिकेट’ हे वाक्य शिकवले असेल तर : तो आता खेळतो का? नाही. पूर्वी खेळायचा का? हो. एकदाच की अनेकदा? अनेकदा. या तीन उत्तरांत त्या रचनेचा सगळा अर्थ येतो.

व्याकरणाचे असे दहा-बारा विषय ठरलेले असतात आणि त्यांतले एक-दोन हमखास विचारले जातात. साधा भूतकाळ आणि ‘हॅव’ लावून होणारा पूर्ण वर्तमानकाळ. ‘ही हॅज बीन टू गोवा’ आणि ‘ही हॅज गॉन टू गोवा’. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. ‘मच’ आणि ‘मेनी’. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’. यांपैकी प्रत्येकासाठी एक प्रसंग, दोन उदाहरणवाक्ये आणि तीन तपासणीचे प्रश्न तयार ठेवावेत. गोव्याचे उदाहरण घ्यायचे तर पहिला माणूस जाऊन परत आला आहे आणि दुसरा अजून तिकडेच आहे. ‘आता त्याला घरी भेटायला गेलो तर भेटेल का?’ हा एकच प्रश्न दोन्ही वाक्यांतला फरक उघड करतो.

शिकवण्याच्या प्रमाणपत्राबद्दल विचारले तर त्यातली प्रात्यक्षिके सांगावीत. केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा अभ्यासक्रम सुमारे १२० तासांचा आहे आणि त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर, परीक्षकाच्या देखत, सहा तास शिकवावे लागते. इंटरनेटवर मिळणाऱ्या अनेक प्रमाणपत्रांवरही ‘१२० तास’ असतात, पण त्यांत विद्यार्थी नसतात. मुलाखतकाराला हा फरक ठाऊक असतो. आपले प्रमाणपत्र दुसऱ्या प्रकारचे असेल तर तसे सांगून लगेच प्रत्यक्ष वर्गातल्या अनुभवाकडे वळावे.

‘मातृभाषक’ नसण्याचा प्रश्न

येथे एका नाजूक गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. परदेशी जाहिरातींत ‘इंग्रजी मातृभाषा असलेला उमेदवार हवा’ अशी अट अनेकदा दिसते. तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

एक म्हणजे कायद्याची अट. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाला मिळणारा ‘ई-२’ व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, तेव्हा पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी शाळांत सहायक शिक्षक होण्याचे एक दार उघडले. थायलंडमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाकडून ‘टोइक’ किंवा ‘आयईएलटीएस’सारख्या परीक्षेतले गुण मागितले जातात. आखाती देशांतल्या आपल्या केंद्रीय मंडळाशी संलग्न असलेल्या शाळांत आणि मालदीवमध्ये भारतीय शिक्षक अनेक वर्षांपासून काम करत आले आहेत. तेथे बी. एड. आणि वर्गातला अनुभव यांना मोल आहे. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. पारपत्रामुळेच जेथे दार बंद आहे, तेथे कितीही चांगली मुलाखत दिली तरी ते उघडत नाही.

दुसरा प्रकार निव्वळ समजुतीचा. इंग्रजी शिक्षकांच्या ‘टेसॉल’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्येच एक निवेदन काढून, मातृभाषक नसलेल्या शिक्षकांशी होणाऱ्या भेदभावाला विरोध नोंदवला. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळांत मांडणी केली. तीत भारत दुसऱ्या वर्तुळात येतो : इंग्रजी मातृभाषा नसली, तरी शिक्षण, न्यायालये आणि प्रशासन यांत ती मुरलेली आहे अशा देशांच्या. तेव्हा ‘माझी मातृभाषा मराठी आहे’ हे वाक्य खाली मान घालून सांगण्याचे कारण नाही, आणि ‘आमच्या घरी इंग्रजीच बोलतात’ अशी खोटी बतावणी करण्याचे तर मुळीच नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलेले शिक्षक आपला हा अनुभव मुलाखतीत घाईघाईने उरकतात, हे दुर्दैव आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. ज्यांच्या घरी इंग्रजीचा शब्दही कानावर पडत नाही अशा मुलांना, पन्नास-साठच्या वर्गात, फळा-खडूच्या आधाराने इंग्रजी शिकवणे म्हणजे परकी भाषा शिकवणेच होय. हॅनोईतल्या मुलासमोर जी अडचण आहे तीच जुन्नरच्या किंवा जतच्या मुलासमोर असते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी विषय शिकवणाऱ्यालाही हा अनुभव नसतो. ‘मी स्वतः ही भाषा दुसरी भाषा म्हणून शिकलो, ती कुठे अडते हे मला आतून ठाऊक आहे,’ हे वाक्य प्रांजळपणे म्हणता आले पाहिजे आणि त्याला वर्गातल्या एका प्रसंगाची जोड देता आली पाहिजे.

उच्चार : नक्कल नको, स्पष्टता हवी

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात अमेरिकी मालिका पाहून जीभ वळवण्याचा खटाटोप अनेक जण करतात. असा उसना उच्चार दोन-तीन मिनिटे टिकतो आणि अवघड प्रश्न आला की गळून पडतो. मुलाखतकाराला भारतीय उच्चार चालतो. न समजणारा उच्चार चालत नाही. तेव्हा मराठी जिभेच्या ज्या मोजक्या सवयी अर्थाचा घोटाळा करतात, तेवढ्यांवरच श्रम करावेत.

पहिली सवय ‘व’ची. लिहिताना आपण इंग्रजी ‘व्ही’साठी ‘व्ह’ आणि ‘डब्ल्यू’साठी ‘व’ असा भेद कटाक्षाने पाळतो. बोलताना तो पुसून जातो आणि ‘व्हेस्ट’, ‘वेस्ट’ एकच होतात. पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत, दुसऱ्यासाठी ओठांचा चंबू करावा. दुसरी सवय ऱ्हस्व-दीर्घाची. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक आपण शाळेत पाठ केला, तरी बोलताना तो क्वचितच पाळतो. इंग्रजीत मात्र ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ हे वेगळे शब्द आहेत; फोनवर तर संदर्भही तोकडा असतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सवय आघाताची. मराठीत आपण शब्दातल्या अक्षरांना जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत एकाच अक्षरावर जोर पडतो आणि तो चुकला तर ओळखीचा शब्दही अनोळखी वाटतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. आपल्या परिचयात हटकून येणारे वीस-पंचवीस शब्द (विषयांची, पदव्यांची, कामांची नावे) शब्दकोशात पाहून त्यांवरचे आघात नक्की करून ठेवावेत.

उच्चाराइतकीच काही खास भारतीय वाक्येही पलीकडच्याला बुचकळ्यात टाकतात. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ हे ऐकून परदेशी माणसाला २०१५ मध्ये आपली शुद्ध हरपल्यासारखे वाटू शकते, ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. ‘आय अ‍ॅम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्सपीरियन्स’मध्ये ‘आय हॅव’ पुरते. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही. मराठीतला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेवटी येतो : ‘आय टीच सेव्हन्थ स्टँडर्ड ओन्ली’. ‘सेव्हन्थ स्टँडर्ड’ म्हणजे कोण, हेही पुष्कळांना उमगत नाही; ‘बारा वर्षांची मुले’ असे वय सांगावे. ‘लाख’ टाळून रक्कम हजारांत सांगावी. घरात बोलताना या गोष्टींत वावगे काही नाही. पण भाषाशिक्षकाच्या मुलाखतीत, आपले ऐकणाऱ्याला काय कळेल याचे भान आहे की नाही, हे त्यांवरून जोखले जाते.

आठवडाभराची तयारी

फोनवर टिपणे समोर ठेवता येतात, ही या मुलाखतीतली मोठी सवलत आणि तोच मोठा सापळा. वाचून दाखवलेले उत्तर लगेच ओळखू येते; आवाज सपाट होतो आणि वाक्ये लांबतात. म्हणून कागदावर वाक्ये लिहू नयेत, शब्द लिहावेत. एका कार्डावर एक प्रसंग, असे पाच प्रसंग पुरेत : वर्ग हाताबाहेर गेला तो दिवस, अजिबात न बोलणारे मूल बोलू लागले तो प्रसंग, आपली योजना फसली तो तास, सहकाऱ्याशी झालेला मतभेद, आणि साधनांवाचून रंगलेला एखादा धडा. प्रत्येकाखाली तीनच गोष्टी : काय घडले, मी काय केले, पुढे काय झाले. मुलाखतकाराचे निम्म्याहून अधिक प्रश्न या पाचांत बसतात. फसलेला तास वगळू नये. ‘माझे कधी काही चुकले नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकावर कोणी विश्वास ठेवत नाही.

‘आपला देश का सोडता?’ हा प्रश्न येणारच. पगार हे कारण लपवण्याची गरज नाही, पण ते एकटे पुरत नाही. त्याच देशात का, त्याच वयाच्या मुलांना का, आणि परके अन्न, हवा, एकटेपणा यांचा काय विचार केला आहे, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी त्या देशाचे शालेय वर्ष, शहराचे हवामान आणि शाळा वापरत असलेले पाठ्यपुस्तक एवढे तरी पाहून ठेवावे.

उत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावीत. आपली गती आणि ‘अ‍ॅक्चुअली’, ‘बेसिकली’ यांची पखरण तेव्हाच ध्यानात येते. त्यानंतर एक रंगीत तालीम करावी : मराठी न येणाऱ्या परिचिताला दुसऱ्या खोलीतून किंवा दुसऱ्या गावाहून फोन करायला सांगावे आणि अनपेक्षित प्रश्न विचारू द्यावेत. चार उत्तम उत्तरे आरशासमोर देण्यापेक्षा अशी एक तालीम अधिक शिकवते.

वेळेचा हिशेब लेखी करावा. जपान आणि कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, चीन अडीच तास, थायलंड आणि व्हिएतनाम दीड तास. संयुक्त अरब अमिराती दीड तास मागे. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे बदलतात, तेव्हा हा फरकही एका तासाने बदलतो. वेळ ठरवताना भारतीय आणि तेथील अशा दोन्ही वेळा ई-मेलमध्ये लिहून कायम करून घ्याव्यात. फोन भारित असावा आणि दुसरा क्रमांक आधीच कळवलेला असावा. भिंतींवर आवाज घुमणारी रिकामी खोली टाळावी. पडदे, गादी, पुस्तके असलेली खोली बरी. उभे राहून बोलल्यास आवाज मोकळा येतो, आणि हसतमुखाने बोललेले पलीकडे ऐकू येते.

आपणही प्रश्न विचारावेत

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारले जाते. संकोचाने ‘नाही’ म्हणणे ही मुलाखतीतली सर्वांत महागडी चूक ठरू शकते. ही नोकरी हजारो किलोमीटरवर आहे. तेथे पोहोचल्यावर खरी परिस्थिती कळून उपयोग नाही. आठवड्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, तयारीचे आणि तपासणीचे तास त्यात धरले आहेत का, वर्गात मुले किती, पगार कोणत्या चलनात आणि कोणत्या तारखेला, निवास कोणाचा, विमानाचे तिकीट आणि आरोग्य विमा कोणाच्या खर्चाने, मुदतीआधी नोकरी सोडावी लागली तर काय, आणि सध्या तेथे शिकवत असलेल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर फार बोलके असते. खऱ्या शाळेला त्यात अडचण वाटत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न व्हिसाचा. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, इथे आल्यावर पाहू,’ असे उत्तर आले तर संभाषण नम्रपणे तेथेच संपवावे. पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. पकडले गेल्यास दंड, कोठडी आणि मायदेशी रवानगी शिक्षकाच्या वाट्याला येते. पारपत्र ‘सुरक्षेसाठी’ मालकाकडे ठेवण्याची अटही मान्य करू नये. १९६७ च्या पारपत्र कायद्यानुसार ते भारत सरकारची मालमत्ता आहे, कोणा शाळेची ठेव नव्हे.

मध्यस्थामार्फत जात असाल तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. अशा मध्यस्थाने घ्यावयाच्या सेवाशुल्कालाही ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातलेली आहे. मुलाखत झाल्याबरोबर अभिनंदन करून ‘नोंदणी’ किंवा ‘व्हिसा प्रक्रिया’ या नावाखाली आजच पैसे भरायला सांगणारा माणूस शाळेचा नसतो. नोकरी देणाऱ्याने पाठवलेला करार हाती येऊन तो वाचून होईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. फोनवर ठरलेली प्रत्येक गोष्ट त्या करारात आहे का, हे पाहावे. फोनवरचे शब्द हवेत विरतात.

कागदपत्रांना मात्र लवकर लागावे. पदवी प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपॉस्टिल’ लागते. हे साक्षांकन परस्परांत मान्य करणाऱ्या हेग करारात भारत २००५ पासून आहे. जो देश या करारात नाही, त्याच्या दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र पारपत्र कार्यालयामार्फत मिळते. दोन्हींना वेळ लागतो, आणि ‘कधी रुजू व्हाल?’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्यावरच अवलंबून असते.

फोन ठेवल्यावर त्याच दिवशी चार ओळींचे आभाराचे पत्र पाठवावे आणि लगेच वही उघडून विचारलेले प्रश्न लिहून काढावेत. नकार आला तरी ही वही वाया जात नाही. दुसऱ्या मुलाखतीत निम्मे प्रश्न तेच असतात.

पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. इंग्रजी ही आपणही कधीतरी उसनीच घेतलेली भाषा आहे. ती घेताना आपण कुठे अडखळलो, कोणत्या शब्दापाशी थांबलो, कोणाच्या एका वाक्याने गाठ सुटली, हे ज्या शिक्षकाला आठवते त्याला ती दुसऱ्याला देता येते. पलीकडचा माणूस फोनवर तेवढेच ऐकत असतो.